काळी एक आणि काळी तीन: धानपट्ट्यातील एका संगीतशिक्षकाचे प्रकरण

पूर्व विदर्भात, वैनगंगेपासून फार दूर नसलेल्या एका धानाच्या गावी राहणाऱ्या संगीतकार-शिक्षकाच्या कामातील एक प्रसंग येथे मांडला आहे. गावच्या भजन मंडळात पुरुषांच्या बरोबरीने मुलींनीही गावे असे ठरले, आणि दोघांना एकाच पट्टीत, म्हणजे एकाच सुराला ‘सा’ मानून, गाता येईना. प्रसंग म्हटला तर एवढाच. पण ही अडचण सोडवताना त्या शिक्षकाने जी चाल बांधली, ती बांधण्यासाठी आयुष्यात कोठे कोठे शिकलेले त्याला उपयोगी पडले, आणि त्याच चालीमुळे पुढे त्याच्या वर्गात जी एक चूक शिरली, ते सारे नोंदवून ठेवण्यासारखे आहे असे मला वाटते. मी त्या भागात शाळेत शिकवत असताना हे सगळे जवळून पाहिले, वर्गात मागे बसून ऐकले आणि त्यांच्या स्वरलिपीच्या वह्या चाळल्या. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे व गावाचे नाव दिलेले नाही. गाव त्यांना मास्तर म्हणते, म्हणून मीही तसेच म्हणतो.

मास्तरांचे वडील दंडार या लोकनाट्यात ढोलकी वाजवत आणि आई रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, वेळी बांधीत (धानाच्या शेतात) उभी राहून गात असे. घरात पेटी नव्हती. पेटीशी त्यांची ओळख भजन मंडळात झाली, आणि तीही भाता मारण्यापासून. वाजवणारे म्हातारे बुवा थकले की भाता या मुलाच्या हाती येई आणि डोळे बुवांच्या बोटांवर खिळलेले असत. त्या बुवांना एकच पट्टी येत होती, काळी एक, म्हणजे पेटीवर सप्तकातल्या पाच काळ्या पट्ट्यांपैकी पहिलीला ‘सा’ मानून वाजवणे. गावातली सगळी भजने, आरत्या, गौळणी त्या एकाच पट्टीत बसवलेल्या होत्या, आणि बुवांची बोटे डोळे मिटूनही तेथेच पडत. बारावीनंतर मास्तर नागपूरला गेले, दिवसा एका दुकानात काम करून संध्याकाळी गायन शिकले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारद या परीक्षेपर्यंत पोहोचले. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि त्यांच्या शिष्यांच्या पिढीने १९३१ मध्ये हे मंडळ उभे केले. घराण्याच्या उंबरठ्याबाहेर राहिलेल्या मुलामुलींना क्रमवार शिक्षण मिळण्याची वाट त्यातून मोकळी झाली. मास्तर त्याच वाटेने शिकले, आणि गावी परतल्यावर आपला वर्गही त्यांनी त्याच परीक्षांच्या आधारावर सुरू केला.

मात्र पोट भरले ते झाडीपट्टीच्या रंगभूमीने. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या झाडीपट्टीच्या जिल्ह्यांत धान घरात आले, दिवाळी सरली की गावोगावी मंडई (जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) भरतात व रात्रभराची नाटके लागतात. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या व्यवसायाचे मुख्य ठिकाण. २०२३ मध्ये या रंगभूमीवरचे अभिनेते परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या झाडीपट्टीला आपलाच सन्मान झाल्यासारखे वाटले. नटांची नावे लोकांच्या तोंडी असतात. ऑर्गन वाजवणाऱ्या मास्तराचे नाव जाहिरातीच्या तळाशी येते. तरीही नाटकातली गाणी बहुतेक वेळा तोच बांधतो, तालमीला मोजके दिवस मिळाले तरी बांधतो, आणि रंगमंचासमोर बसून पहाटेपर्यंत वाजवतो. आमच्या मास्तरांनी अशी किती गाणी बांधली याची मोजदाद त्यांनीही ठेवलेली नाही. वह्यांमध्ये संगीतशास्त्रज्ञ पंडित भातखंडे यांच्या पद्धतीच्या स्वरलिपीत काही उतरली आहेत, उरलेली त्या त्या हंगामाबरोबर गेली.

या कामातून त्यांना लागलेली एक सवय पुढच्या प्रसंगासाठी महत्त्वाची आहे. नाटकात नायक काळी दोनमध्ये गातो, लगेच नायिका काळी पाचमध्ये गाणे घेऊन येते, आणि मधे थांबायला वेळ नसतो. नवखा वादक अशा वेळी पट्टी बदलताना अडखळतो आणि नटीला सूर शोधत उभे राहावे लागते. मास्तर पहिल्या गाण्याचा शेवटच असा बांधत की त्याचा अखेरचा सूर पुढच्या गाण्याचा षड्ज (सा) तरी ठरावा, नाही तर पंचम (प). येणाऱ्या पात्राच्या कानात त्याचा ‘सा’ आधीच पेरलेला असे. मला स्वतःला या गोष्टीचे मोल फार उशिरा कळले. कित्येक वर्षे मी ती नाटके पाहत होतो आणि गाणी एकमेकांना इतकी सहज का जोडली जातात याचा विचारही केला नव्हता.

आता मूळ प्रसंग. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) खंजिरी भजने आणि सामुदायिक प्रार्थना यांनी गावांच्या संध्याकाळी बांधलेल्या आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीच्या गुरुकुंजात सुरू झालेली ही रीत वैनगंगेच्या या टोकापर्यंत पोहोचली, आणि पावसाळा सरल्यावर महाराजांच्या पुण्यतिथीचे कार्यक्रम गावोगावी होतात. तीन वर्षांपूर्वी अशाच कार्यक्रमाच्या तयारीत मास्तरांच्या वर्गातल्या अकरा मुलींनी मंडळाबरोबर गाण्याची इच्छा सांगितली. मंडळातल्या बऱ्याच जणांना ते आवडले. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मात्र सुचवले, “पोरींचं गाणं अलग ठेवा ना जी. आमचं झालं की त्यायचं होऊन जाऊ द्या.” त्यांच्या बोलण्यात दुजाभाव नव्हता. एकत्र तालमीचे दोन दिवस त्यांनी ऐकले होते आणि काय होते आहे ते त्यांना समोर दिसत होते.

काय होत होते ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण गावोगावी हेच होते आणि दोष मुलींच्या आवाजाला दिला जातो. काळी एकला षड्ज धरून पुरुष मध्य सप्तकात आरामात गातो आणि अंतऱ्यात, म्हणजे गाण्याच्या पुढच्या चढत्या भागात, वरच्या म्हणजे तार सप्तकातल्या गंधार-मध्यमापर्यंत (ग-म) चढतो. त्याच षड्जाला बारा-तेरा वर्षांच्या मुली गाऊ लागल्या की त्यांच्यापुढे दोनच वाटा उरतात. पुरुषांच्या नेमक्या उंचीवर गायचे, तर स्थायीतले, म्हणजे गाण्याच्या सुरुवातीच्या भागातले, बहुतेक सूर त्यांच्या आवाजाच्या तळाशी जातात आणि खंजिरीच्या पुढे ते ऐकू येत नाहीत. एक सप्तक वर उचलून गायचे, तर स्थायी गोड लागते, पण अंतरा येताच आवाज ताणला जातो आणि तार सप्तकात फाटतो. मुली न सांगता पहिल्या वाटेवरून दुसरीवर आणि दुसरीवरून पहिलीवर उड्या मारत होत्या. एका आईने मास्तरांना सांगितले, “मास्तर, पोरीचा आवाज वर जाऊन चिरते जी, घरी तर बरी गाते.” घरी ती बरी गात होती, कारण घरी ती आपल्या पट्टीत गात होती. उलट सगळे भजन मुलींसाठी काळी चारला नेले, तर तीच फरफट पुरुषांच्या वाट्याला येते.

आधी सोपे उपाय करून पाहिले. मास्तरांनी आपली स्केल चेंजर पेटी आणली, पण पट्टी सरकवून फक्त वाजवणाऱ्याची सोय होते. एकाच वेळी गाणाऱ्या दोन तऱ्हेच्या गळ्यांचा प्रश्न तिने सुटत नाही. मग मधली काळी दोन धरून पाहिली. तेव्हा दोन्ही बाजूंना थोडा थोडा त्रास झाला आणि मंडळाच्या पेटीवाल्याची बोटे चुकू लागली. शेवटी वडीलधाऱ्यांच्या सूचनेप्रमाणे मुलींचे गाणे वेगळे ठेवण्याची गोष्ट निघाली. ती मास्तरांना पटली नाही. प्रार्थना सामुदायिक म्हणायची आणि गाताना अर्धे गाव गप्प बसवायचे, हे त्यांना मनापासून खटकले, आणि ते त्यांनी मंडळासमोर स्पष्ट बोलून दाखवले. मला त्यांचा तो आग्रह योग्य वाटला आणि आजही वाटतो.

तोडगा सुचला तो वर्गात. परीक्षेच्या सुरुवातीच्या रागांमध्ये भूप आणि दुर्गा हे दोन राग ते शिकवत होते. दोन्ही पाच स्वरांचे आणि सगळ्या शुद्ध स्वरांचे. भूपात सा रे ग प ध, मध्यम आणि निषाद नाहीत; दुर्गात सा रे म प ध, गंधार आणि निषाद नाहीत. रागांना थाट नावाच्या गटांत मांडणाऱ्या भातखंड्यांच्या वर्गवारीत भूप कल्याण थाटात जातो आणि दुर्गा बिलावल थाटात, त्यामुळे वहीत हे दोन राग एकमेकांपासून दूर पडतात. पेटीवर मात्र ते सख्खे शेजारी आहेत. काळी एकला षड्ज धरून दुर्गा वाजवला तर बोटे फक्त काळ्या पट्ट्यांवर पडतात: काळी एक, दोन, तीन, चार आणि पाच. षड्ज उचलून काळी तीनवर ठेवला आणि त्याच पाच काळ्या पट्ट्या वाजवल्या तर भूप निघतो. एका रागाचे स्वर तेच ठेवून षड्ज दुसऱ्या स्वरावर नेला की वेगळा राग दिसू लागतो, याला आपल्याकडे मूर्च्छनेचे तत्त्व म्हणतात. त्याच पाच पट्ट्यांत काळी दोन षड्ज मानली तर धानीचे स्वर मिळतात, काळी चार मानली तर मधमाद सारंगाचे आणि काळी पाच मानली तर मालकंसाचे. मास्तरांना हे नागपूरच्या दिवसांपासून ठाऊक होते. त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आले ते इतकेच, की काळी एक ही पुरुषांची पट्टी आहे आणि काळी तीन त्या मुलींच्या गळ्याला सहज बसते.

चाल त्यांनी दोन दिवसांत बांधली. शब्द त्यांचेच, झाडीबोलीतले, रोवणीच्या दिवसांतल्या पावसाविषयीचे. पुरुष दुर्गात सुरू करतात आणि ‘प ध म रे, सा रे म’ अशा वळणाने येऊन मध्यमावर थांबतात. दुर्गात मध्यमावर विसावा घेणे रागाच्या स्वभावाला धरून आहे, त्यामुळे तो थांबा मुद्दाम आणलेला वाटत नाही. पुरुषांचा तो मध्यम म्हणजे पेटीवरची काळी तीन, आणि तीच मुलींचा षड्ज. मुली तेथूनच सूर उचलतात आणि भूपात गातात: ‘सा रे ग, प ग, ध प ग रे सा’. पुरुषांच्या नावांनी हेच सूर लिहिले तर ते ‘म प ध, सां ध, रें सां ध प म’ असे होतात. मुलींचा अंतरा तार गंधारापर्यंत गेला तरी आवाज ताणला जात नाही. परत येताना मुली आपल्या पंचमावर थांबतात; तो पुरुषांचा तार षड्ज असतो, आणि पुरुष त्यावरून खाली उतरतात. एक कडी मध्यमाला, एक कडी पंचमाला. नाटकातल्या नायक-नायिकेच्या गाण्यांना जोडण्याची त्यांची जुनी रीतच ही. फरक इतका की येथे ती दोन गाण्यांच्या मध्ये न राहता एका गाण्याच्या पोटात आली.

या चालीची खरी कसोटी आधारस्वरात, म्हणजे गाण्याखाली सतत घुमणाऱ्या सुरात, होती. राग म्हणजे नुसत्या पट्ट्या नव्हेत. कानात कोणता षड्ज घुमतो आहे यावर सारे अवलंबून असते. पहिल्या तालमीत मोबाइलवरचा तानपुरा काळी एकला लावून ठेवला होता, आणि मुली बरोबर गात असूनही भूप ऐकू येईना. ऐकणाऱ्याला तो दुर्गाचाच वरचा भाग वाटत होता. मास्तरांनी तानपुरा बंद केला आणि पेटीवर काळी एक व काळी तीन या दोन पट्ट्या एकत्र धरल्या. पुरुष गात असताना हे दोन सूर त्यांना षड्ज आणि मध्यम म्हणून ऐकू येतात. मुलींची पाळी आली की तेच सूर मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम आणि षड्ज होतात. पाळी बदलताना ते काळी एकवरचे बोट हळूच उचलत, एक आवर्तन, म्हणजे ठेक्याचा एक फेरा, फक्त काळी तीन भरत, आणि मग खालची पट्टी पुन्हा जोडत. खंजिरीचा आठ मात्रांचा ठेका तसाच चालू राही. सुरुवातीला मुलींना सूर घ्यायला दोन आवर्तने लागत, पुढे एक पुरेसे झाले. एवढ्या लहानशा हालचालीत केवढी समज साठलेली आहे, हे पेटी वाजवणाऱ्याला सांगावे लागणार नाही.

मंडळाच्या पेटीवाल्याला नवी पट्टी शिकावी लागली नाही, ही गोष्टही महत्त्वाची. त्याची बोटे काळी एकच्या घरातच राहिली. मास्तरांनी गावाला जे येत होते ते मोडून काढले नाही, त्यातच जागा शोधली. कार्यक्रम चांगला झाला. अलग गाण्याची सूचना करणारे गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या ओसरीवर येऊन बसले आणि मुलींचा सूर कोठून निघतो ते पेटीवर दाखवायला सांगू लागले.

प्रकरण येथेच थांबले असते तर ते यशाची गोष्ट म्हणून सांगता आले असते, पण पुढच्या परीक्षेत एक अडचण उघड झाली. वर्गातल्या मुलींच्या पालकांना परीक्षा हवी असते, कारण शास्त्रीय कलेच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यात गैर काही नाही. धानाच्या एका पिकावर जगणाऱ्या घराने मुलीच्या गाण्याकडे गुणांच्या दृष्टीने पाहिले तर मी तरी त्याला नावे ठेवणार नाही. त्या परीक्षेत एका चांगल्या मुलीला भूप विचारला गेला. साथीदाराने तिच्या आवाजाला पाहून काळी चारचा षड्ज दिला. मुलीने ‘सा रे’ म्हटले आणि पुढे गंधाराऐवजी मध्यम लावला. दोनदा सावरायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा ती दुर्गात शिरली. ती उत्तीर्ण झाली, पण घरी येऊन रडली, आणि मास्तरांना त्याचा फार चटका बसला.

चूक कोणाची हे त्यांनी स्वतःच शोधले. भजनाच्या चालीचा आनंद इतका होता की वर्गातही ते दुर्गा कायम काळी एकला आणि भूप कायम काळी तीनला शिकवू लागले होते. मुलींनी राग लक्षात ठेवले ते पट्ट्यांवरून. काळी तीन दिसली की भूप, काळी एक दिसली की दुर्गा. काळी चारला षड्ज मिळाल्यावर त्या मुलीपाशी दोन्हींपैकी एकही खूण नव्हती. जी युक्ती मंडळाला जोडणारी ठरली, तीच वर्गात स्वरांच्या नात्यावर पडदा टाकत होती. संगीतकाराला जी गोष्ट उत्तर वाटते ती विद्यार्थ्याला सुरुवातीलाच दिली की त्याचा कान आळसावतो, असे मास्तर म्हणाले, आणि ते मला त्यांच्या कामातले सर्वांत मोलाचे निरीक्षण वाटते. चाल बांधणारा आणि शिकवणारा एकच माणूस असतो तेव्हा हा धोका जास्त असतो, कारण आपल्याला सापडलेली सुंदर गोष्ट लवकरात लवकर पुढे द्यावीशी वाटते.

त्यानंतर त्यांनी वर्गात पेटी बंद केली. साधारण महिनाभर तिच्यावर कापड घालून ठेवले होते. रोज तानपुऱ्यावर वेगळा षड्ज लावायचा, कधी काळी तीन, कधी पांढरी पाच, कधी काळी चार, आणि मुलींनी त्यावरून फक्त दोन स्वरांतरे गायची: षड्ज ते शुद्ध गंधार आणि षड्ज ते शुद्ध मध्यम. आधी सरगमीत, मग आकारात (‘आ’ म्हणत), मग डोळे मिटून. एकीने लावायचे आणि दुसरीने ओळखायचे. भूप आणि दुर्गा यांचे वेगळेपण या दोन स्वरांतरांत उभे आहे, आणि ते कानाला एकदा पक्के झाले की पट्टी कोणतीही चालते. या महिन्यात वर्गातली संख्या घटली. पेटी शिकायला आलेल्या मुलांना कंटाळा आला आणि काही पालकांनी विचारणाही केली. मास्तरांनी प्रत्येकाला बसवून कारण सांगितले. कापड काढल्यावर त्यांनी पहिल्यांदाच मुलींना पाच काळ्या पट्ट्यांचे गुपित दाखवले, त्या पट्ट्यांवर भजन गाऊ लागल्यानंतर जवळजवळ एक वर्षाने. ज्या मुलीची परीक्षेत चूक झाली होती, तिनेच सर्वांत आधी विचारले, की मग काळी पाचवरून काय निघते.

वर्गाचे वर्षही शेतीच्या वर्षाला बांधलेले आहे, हे येथे सांगायला हवे. रोवणीच्या आठवड्यांत मोठ्या मुली येत नाहीत, कारण आया बांधीत असतात आणि लहान भावंडे त्यांच्याकडे असतात. दिवाळीनंतर मास्तर स्वतः नसतात. एका नाइटहून (रात्रभराच्या नाटकाहून) दुसऱ्या नाइटला, एका गावाहून दुसऱ्या गावाला ऑर्गन घेऊन हिंडतात, आणि वर्ग थेट हंगाम संपल्यावर पूर्ववत होतो. पूर्वी या काळात समाजमंदिराला कुलूप असे. आता किल्ली दोन मुलींकडे असते. त्या लहान मुलांकडून अलंकार (सुरांचे पलटे) आणि ताल म्हणून घेतात, नवा राग सुरू करत नाहीत, कारण मास्तरांनी तसे बजावले आहे. त्यांतलीच एक गेल्या वर्षापासून मंडळाची पेटी वाजवते, आणि पाळी बदलताना काळी एकवरचे बोट उचलणे तिला मास्तरांइतकेच सहज जमते.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. वर्गात तेरा-चौदा वर्षांची तीन मुले आहेत आणि त्यांचे आवाज फुटत आहेत. काल काळी तीनला गाणारा मुलगा आज तेथे पोहोचत नाही, आणि काळी एकला अजून उतरलेला नाही. मधल्या काही सुरांवर आवाज घोगरा होऊन तुटतो. अशा मुलांना गप्प बसवले की पुष्कळदा ती पुन्हा गायला येत नाहीत, हे मास्तरांनी पाहिलेले आहे. म्हणून त्यांनी भजनात या तिघांना खंजिरी दिली आहे आणि दोन कडव्यांच्या मध्ये ठेक्यावर बोलण्याच्या चार ओळी नव्याने लिहिल्या आहेत. सूर मात्र त्यांनी अजून दिलेला नाही. दर पंधरवड्याला ते तिघांना एकेकटे बसवून आवाज कोठे स्थिरावतो आहे ते तपासतात आणि वहीच्या शेवटच्या पानावर पट्टी लिहून ठेवतात.